दगड हातात आला की त्याचं नाव कसं ठरवायचं? अग्निज, गाळाचे, रूपांतरित आणि मधले घोळ

कातळकडा

अग्निज, गाळाचे (स्तरित) आणि रूपांतरित हे तीन गट शाळेतच पाठ होतात. अडचण येते ती प्रत्यक्ष दगड समोर असताना, कारण या तिन्ही गटांतली नावं एकाच निकषावर दिलेली नाहीत आणि हे पुस्तकात सहसा कोणी सांगत नाही.

‘ग्रॅनाइट’ या नावातून खनिजांचं प्रमाण कळतं. ‘वालुकाश्म’ म्हटलं की कणांचं माप कळतं, कण कशाचे आहेत ते नाही. ‘शिस्ट’ (पापुद्रेदार रूपांतरित खडक) म्हटलं की खनिजांची ठेवण कळते, बाकी काही नाही. त्यामुळे वालुकाश्म गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) कणांचा असेल, फेल्स्पार या खनिजाचा असेल किंवा फुटलेल्या बेसाल्टच्या चुऱ्याचाही असेल, नाव तेच. शिस्ट चिखलापासून बनलेला असेल किंवा बेसाल्टपासून. नाव हे एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न गटागणिक बदलतो.

म्हणून नाव शेवटी, निरीक्षण आधी. माझा क्रम असा:

पहिलं काम म्हणजे ताजा पृष्ठभाग काढणे. बाहेरची साल हवापाण्याने कुजलेली असते. बेसाल्टची साल तपकिरी-तांबूस होते, फेल्स्पारचं पांढुरकं पीठ होतं, चुनखडी धुरकट दिसते. हातोडीने कडेचा तुकडा उडवा (डोळ्यांवर चष्मा हवाच, कपची उडते ती सरळ डोळ्यात) आणि फक्त तोच भाग बघा.

मग दहापट भिंग. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड जवळ आणायचा. दगडाजवळ भिंग धरून लांबून पाहिलं तर काही दिसत नाही. पृष्ठभाग ओला केला तर कणांच्या कडा उठून दिसतात, पण चमक तपासायची असेल तर कोरडाच ठेवा.

पहिला प्रश्न: कण एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत की कणांच्या मध्ये काही भरलेलं आहे? गुंतलेले स्फटिक म्हणजे बहुधा अग्निज किंवा रूपांतरित. सुटे कण आणि मध्ये लुकण (कण चिकटवणारा पदार्थ) म्हणजे गाळाचा. दुसरा प्रश्न: खनिजं एका दिशेने लावल्यासारखी आहेत का? असतील तर रूपांतरिताकडे कल. तिसरा: चाकूने ओरखडा उठतो का? पोलादी चाकू कठीणपणाच्या मोज मापावर साधारण ५.५, गारगोटी ७, कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) ३, नख २.५. चौथा: ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसतो का?

या चारांत साधारण गट ठरतो. गटाच्या आतलं नाव ठरवायला मात्र त्या गटाचे नियम माहीत हवेत. जाणकारांनी भर घालावी.

---

शंकासुर

उत्तम धागा. लगेच दोन शंका. ग्रॅनाइट आणि नाइस हा रूपांतरित खडक यांत खनिजं तीच: गारगोटी, फेल्स्पार, अभ्रक. कणही गुंतलेले. मग फरक काय? आणि काळा, बारीक कणांचा दगड म्हणजे बेसाल्टच, असं धरून चालावं का?

---

भिंगवाली

दुसऱ्या शंकेचं आधी. नाही, धरून चालू नये. रंग हा सगळ्यात फसवा पुरावा.

अग्निज खडकाला दोन अक्ष असतात. एक पोत: तो कुठे आणि कसा गोठला. दुसरा घटक: त्यात काय आहे. शिलारस खोल जमिनीत सावकाश गोठला तर स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात. पृष्ठभागावर लाव्हा म्हणून आला तर स्फटिक भिंगाखालीही जेमतेम दिसतात. आणि फारच झटपट थंड झाला तर स्फटिक बनतच नाहीत, काच होते. जेम्स हॉल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दाखवलं होतं: बेसाल्टसारखा दगड भट्टीत वितळवून पटकन थंड केला तर काच, सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकमय दगड. बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला असं मानणाऱ्यांना तो मोठाच धक्का होता.

सावकाश म्हणजे किती? हवाईतल्या किलाउएया इकी विवरात १९५९ च्या उद्रेकात शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं साचलं. ते पुरतं गोठायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. हे उघड्यावर. काही किलोमीटर खोलीवरच्या मोठ्या शिलारसाला लाखो वर्षं लागू शकतात.

आता घटक. सिलिकाचं (सिलिकॉन डायऑक्साइडचं) वजनी प्रमाण ४५ ते ५२ टक्के असेल तर बेसाल्ट, ५७ ते ६३ अँडेसाइट, ६३ च्या वर डेसाइट आणि ७० च्या आसपास व पुढे रायोलाइट. ५२ ते ५७ च्या पट्ट्याला बेसाल्टी अँडेसाइट म्हणतात. बेसाल्ट, अँडेसाइट, डेसाइट, रायोलाइट यांचे खोल गोठलेले भाऊबंद अनुक्रमे गॅब्रो, डायोराइट, ग्रॅनोडायोराइट आणि ग्रॅनाइट. लोह-मॅग्नेशियम वाढलं की दगड सहसा गडद होतो, म्हणून ‘काळा म्हणजे बेसाल्ट’ हा ठोकताळा पडला.

तो मोडतो कुठे? ऑब्सिडियन ही ज्वालामुखी काच रायोलाइटच्याच घटकांची, सिलिका ७० टक्क्यांच्या पुढे, पण रंग काळाभोर. काचेत विखुरलेले लोहखनिजांचे अतिसूक्ष्म कण प्रकाश अडवतात, एवढंच कारण. उलट ड्युनाइट हा अग्निज खडक जवळजवळ पूर्ण ऑलिव्हिन या खनिजाचा, सिलिका अगदी कमी, पण ताजा असताना हिरवट. त्यामुळे बारीक कणांच्या काळ्या दगडाला हातात धरून ‘बेसाल्ट’ म्हणण्यापेक्षा ‘बेसाल्टसदृश, गडद, सूक्ष्मकणी’ एवढंच लिहावं. खरं नाव रासायनिक पृथक्करणानंतर, आणि तेही ताज्या तुकड्याच्या; कुजलेल्या नमुन्यातून सोडियम-पोटॅशियम वाहून गेलेलं असतं आणि सिलिका आणि सोडियम-पोटॅशियम यांवरून नाव ठरवणाऱ्या आलेखावर बिंदू भलत्याच चौकटीत पडतो.

---

भिंगवाली

(मागच्या प्रतिसादात लिहायचं राहिलं.) मोठ्या कणांच्या अग्निज खडकांना पृथक्करण लागत नाही, खनिजं मोजून नाव देतात. गारगोटी, अल्कली फेल्स्पार आणि प्लॅजिओक्लेज या तिघांची बेरीज १०० धरायची, अभ्रक-हॉर्नब्लेंड अशी बाकीची खनिजं बाजूला ठेवायची. गारगोटी २० ते ६० टक्के असेल तरच ग्रॅनाइटाच्या घरात प्रवेश. मग दोन फेल्स्पारांपैकी प्लॅजिओक्लेजचा वाटा बघायचा: १० ते ६५ टक्के असेल तर ग्रॅनाइट, ६५ ते ९० ग्रॅनोडायोराइट, ९० च्या वर टोनालाइट. गारगोटी २० च्या खाली आली की सायनाइट, माँझोनाइट, डायोराइट ही मंडळी सुरू होतात.

चूक कुठे होते? गुलाबी तो अल्कली फेल्स्पार आणि पांढरा तो प्लॅजिओक्लेज, असं रंगावरून मोजतात. अल्कली फेल्स्पार पांढराही असतो. त्याऐवजी फेल्स्पारचा सपाट फुटलेला पृष्ठभाग प्रकाशात तिरका फिरवा. त्यावर पट्टीने आखल्यासारख्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर प्लॅजिओक्लेज. वेड्यावाकड्या, नागमोडी शिरा दिसल्या तर अल्कली फेल्स्पार. गारगोटीला असे सपाट पृष्ठभाग नसतातच, ती काचेसारखी खोलगट फुटते आणि जरा तेलकट दिसते.

बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकतात तो बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट (बेसाल्टच्याच घटकांचा, मध्यम कणांचा खडक) असतो. त्यात गारगोटी नावालाही नसते. व्यापारात ग्रॅनाइट म्हणजे कठीण आणि चकाकी घेणारा दगड, इतकाच अर्थ.

---

कातळकडा

भिंगवाली, एक पुरवणी. ‘मोठे स्फटिक म्हणजे फार सावकाश गोठलेला’ हा नियम पेग्मटाइट या अतिमोठ्या कणांच्या अग्निज खडकात कोसळतो. तिथे हातभर लांबीचे स्फटिकही मिळतात, पण पेग्मटाइटच्या शिरा बऱ्याचदा अरुंद असतात आणि आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा लवकर थंड झालेल्या असतात. शेवटी उरलेल्या रसात पाणी, बोरॉन, फ्लोरिन एकवटतं, नवे स्फटिक सुरू होणं अवघड होतं आणि जे थोडे सुरू होतात त्यांच्याकडे अणू झपाट्याने पोहोचतात. स्फटिकाचं माप ठरतं ते किती ठिकाणी सुरुवात झाली आणि वाढ किती वेगाने झाली, या दोन गोष्टींवर. थंड होण्याचा वेग त्या दोन्हींवर परिणाम करतो, पण तो एकटाच कर्ताकरविता नाही.

---

शंकासुर

हे छान. मग मुळात रस बनतो कसा? खाली सगळं वितळलेलंच आहे ना, ते वर येतं?

---

पाताळयंत्री

हा गैरसमज फार चिवट आहे. प्रावरण (कवच आणि गाभा यांच्या मधला थर) घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत त्या प्रावरणातून आरपार जातात. द्रव आहे तो बाह्य गाभा, २९०० किलोमीटरच्या खाली, लोखंडाचा; त्याचा लाव्हाशी संबंध नाही.

घन प्रावरण तीन कारणांनी वितळतं.

पहिलं, दाब कमी होणे. प्रावरणाचा खडक म्हणजे पेरिडोटाइट; तो खोलवर तापलेला असतो पण दाबामुळे घन राहतो. तो वर सरकताना दाब झपाट्याने उतरतो, तापमान फारसं उतरत नाही, आणि वितळबिंदू ओलांडला जातो. मध्यसागरी पर्वतरांगांखाली हेच चालतं. उष्णता द्यावी लागत नाही.

दुसरं, पाणी मिसळणे. समुद्रतळाची भूपट्टी खाली घुसते तेव्हा तिच्या खनिजांत बांधलेलं पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. ओला पेरिडोटाइट कोरड्यापेक्षा काही शे अंश कमी तापमानाला वितळतो. पॅसिफिकभोवतीची ज्वालामुखींची कडी या कारणाने आहे. तिसरं, थेट उष्णता: बेसाल्टचा रस भूखंडाच्या तळाशी साचतो आणि तिथला खडक वितळवतो.

आता यातला महत्त्वाचा भाग. पेरिडोटाइट पूर्ण वितळत नाही, साधारण १० ते २० टक्के वितळतो, आणि आधी वितळतो तो भाग मूळ खडकापेक्षा वेगळ्या घटकांचा असतो. म्हणून पेरिडोटाइटमधून बेसाल्ट निघतो. पूर्ण वितळला तर पेरिडोटाइटच मिळाला असता. त्याच्या जवळ जाणारा प्रकारही आहे: कोमॅटाइट. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून नाव पडलं, मॅग्नेशियम ऑक्साइड १८ टक्क्यांच्या वर, आणि रस १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असावा. जवळजवळ सगळे कोमॅटाइट अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत, कारण तेव्हाचं प्रावरण अधिक गरम होतं. आजचा बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंशांचा, रायोलाइटचा ७०० ते ८५० चा.

वर येता येता रस बदलतो. नॉर्मन बोवेन यांनी १९२० च्या दशकात प्रयोगांतून रस थंड होताना खनिजं बनण्याचा क्रम मांडला: आधी ऑलिव्हिन, मग पायरोक्सीन, मग हॉर्नब्लेंड, मग काळं अभ्रक, समांतर दुसऱ्या बाजूने प्लॅजिओक्लेज कॅल्शियमकडून सोडियमकडे सरकत जातं, शेवटी अल्कली फेल्स्पार, पांढरं अभ्रक, गारगोटी. आधी बनलेले जड स्फटिक तळाशी बसले की उरलेला रस सिलिकाने श्रीमंत होत जातो.

पण म्हणून सगळा ग्रॅनाइट बेसाल्टमधून असा गाळून निघाला म्हणू नका. तसं असतं तर प्रत्येक ग्रॅनाइटाखाली त्याच्या कित्येक पट गॅब्रो सापडायला हवा होता. बराचसा ग्रॅनाइट हा भूखंडाचाच जुना खडक वितळून बनलेला आहे. १९५८ मध्ये टटल आणि बोवेन यांनी दाखवलं की पाण्याच्या दाबाखाली ग्रॅनाइटाच्या घटकांचं मिश्रण ६५० ते ७०० अंशांना वितळू लागतं, आणि एवढं तापमान भूखंडाच्या तळाशी येऊ शकतं.

---

वाळूघड्याळ

गाळाच्या खडकांकडे येऊ. भूपृष्ठावर दिसणाऱ्या खडकांत यांचा वाटा सर्वांत मोठा, जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर हेच पसरलेले आहेत. आकारमानाने मात्र कवचाच्या जेमतेम काही टक्के. पातळ पांघरूण आहे.

कणांचं माप वेंटवर्थ यांच्या १९२२ च्या मोजपट्टीवर: २ मिलिमीटरच्या वर गोटे-खडे, २ ते १/१६ मिलिमीटर वाळू, १/१६ ते १/२५६ गाळवट, त्याखाली चिकणमाती. खडे गोल असतील तर पिंडाश्म, टोकदार असतील तर ब्रेशिया. गाळवट आणि चिकणमाती भिंगानेही वेगळी दिसत नाही. तेव्हा अगदी बारीक कपचा दातांमध्ये घासायचा. किरकिर झाली तर गाळवट, लोण्यासारखं गुळगुळीत लागलं तर चिकणमाती. ऐकायला विचित्र, पण क्षेत्रकामात सर्रास चालतं. (खाण-कारखान्याजवळच्या नमुन्यावर करू नका, शिसे-आर्सेनिक असू शकतं.)

वालुकाश्माला नुसतं ‘वालुकाश्म’ म्हणून थांबू नये. कणांमध्ये बारीक चिखल १५ टक्क्यांहून कमी असेल तर ॲरेनाइट, जास्त असेल तर वॅके. कणांत ९५ टक्क्यांवर गारगोटी असेल तर क्वार्ट्झ ॲरेनाइट. फेल्स्पार २५ टक्क्यांवर गेला की आर्कोज. हा निव्वळ नामकरणाचा सोपस्कार नाही. फेल्स्पार पाण्यात कुजतो. तो वाळूत भरपूर उरला असेल तर ग्रॅनाइटाचा डोंगर जवळच होता आणि झीज घाईघाईने झाली, किंवा हवामान कोरडं वा थंड होतं. उलट ९५ टक्के गारगोटी उरण्यासाठी वाळू फार वेळ घुसळली गेली असली पाहिजे, बहुधा एकापेक्षा जास्त वेळा दगड बनून पुन्हा सुटी झाली असली पाहिजे.

पाताळयंत्री यांनी बोवेनचा क्रम दिलाच आहे. १९३८ मध्ये गोल्डिच यांनी दाखवलं की खनिजं कुजण्याचा क्रमही साधारण तोच आहे: जे सर्वांत जास्त तापमानाला बनलं ते ऑलिव्हिन पृष्ठभागावर सर्वांत लवकर कुजतं, आणि शेवटी बनलेली गारगोटी टिकून राहते. समुद्रकिनाऱ्यांवर गारगोटीची वाळू का जास्त, याचं उत्तर यात आहे.

सुट्या गाळाचा दगड होताना दोन गोष्टी घडतात. दबणं: ताज्या चिखलात ७० टक्क्यांहून अधिक जागा पाण्याची असू शकते, वरच्या थरांच्या वजनाने ती पिळून निघते आणि शेल (चिखलाचा थरदार खडक) बनतो. वाळू तितकी दबत नाही, तिच्यात भूजलातून कॅल्साइट, सिलिका किंवा लोह ऑक्साइडचं लुकण बसतं. लुकण ओळखायला: ॲसिडने फसफसलं तर कॅल्साइट, लालभडक असेल तर लोह, चाकूला दाद देत नसेल तर सिलिका.

---

वाळूघड्याळ

चुनखडीसाठी वेगळा हिशेब. तिथे कण किती मोठे यापेक्षा पाणी किती खवळलेलं होतं हे शोधायचं असतं. डनहॅम यांची १९६२ ची पद्धत त्यासाठीच सुटसुटीत आहे: चिखलात १० टक्क्यांहून कमी कण तरंगत असतील तर मडस्टोन, जास्त असतील तर वॅकस्टोन, कण एकमेकांना टेकून उभे असतील पण मध्ये चिखल असेल तर पॅकस्टोन, चिखलच नसेल तर ग्रेनस्टोन, प्रवाळांसारख्या जिवांनी वाढतानाच बांधून टाकलेला असेल तर बाउंडस्टोन. मडस्टोन म्हणजे संथ पाणी, ग्रेनस्टोन म्हणजे लाटांनी चिखल धुऊन नेला.

बाष्पीभवनाचे खडक ठरल्या क्रमाने बसतात. समुद्राचं पाणी आटून निम्मं झालं की कार्बोनेट, एक पंचमांशाच्या आसपास उरलं की जिप्सम, एक दशांश उरलं की मीठ, अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार. आता गंमत बघा. एक लिटर समुद्रजलात क्षार साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे १००० मीटर खोल समुद्र पूर्ण आटला तरी तळाशी क्षारांचा थर १५-१६ मीटरच. भूमध्य समुद्राच्या तळाखाली सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे क्षारथर कित्येक ठिकाणी किलोमीटरहून जाड आहेत. एकदा आटून ते बनूच शकत नाहीत. खारं पाणी पुन्हा पुन्हा आत येत राहिलं असलं पाहिजे.

---

शंकासुर

ॲसिड किती तीव्रतेचं? आणि काळ्या बेसाल्टवर थेंब टाकला आणि फसफसला तर काय समजायचं?

---

रसशाळा

हायड्रोक्लोरिक, साधारण १० टक्के. तीव्र ॲसिड ३६-३७ टक्क्यांचं मिळतं. त्याचा एक भाग तीन भाग पाण्यात. ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. थेंबणीच्या प्लास्टिक बाटलीत ठेवा. धातूच्या झाकणाची बाटली नको, वाफेने झाकण गंजतं. तपासून झालं की दगड पाण्याने धुवा, नाहीतर पिशवीतल्या बाकी नमुन्यांना आणि हातोडीला प्रसाद मिळतो.

थेंब टाकल्यावर लगेच जोरात फसफस: कॅल्साइट. काहीच नाही, पण चाकूने खरवडून भुकटी केल्यावर मंद बुडबुडे: डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट). भुकटी न करता ‘डोलोमाइट नाही’ म्हणणं ही नेहमीची चूक, आणि उलट बाजूची चूक म्हणजे भुकटीवरची फसफस पाहून चुनखडीला डोलोमाइट ठरवणं. आधी अखंड पृष्ठभाग, मग भुकटी, असा क्रम ठेवा. व्हिनेगर चालतं पण फार मंद. भुकटीवर टाकून भिंगाने बुडबुडे बघावे लागतात.

बेसाल्टवर फसफस आली तर दगडावर नव्हे, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत किंवा भेगांत नंतर भरलेल्या कॅल्साइटवर ती येते. थेंब नेमका कुठे उकळतोय ते भिंगातून बघा. संपूर्ण दगडभर एकसारखी फसफस असेल तर तो बेसाल्ट नसून गडद चुनखडी असण्याची शक्यता जास्त.

---

पाताळयंत्री

अपवाद एक: कार्बोनॅटाइट. अग्निज खडक, पण निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजांचा. टांझानियातला ओल डोइन्यो लेंगाई आजही असा लाव्हा ओकतो, ५०० ते ६०० अंशांचा, पाण्यासारखा पातळ, बाहेर येताना काळा आणि हवेतल्या ओलाव्याने थोड्याच काळात पांढरा. ॲसिडच्या एका थेंबावर ‘गाळाचा’ असा शिक्का मारू नये, इतकंच सांगायचं.

---

अभ्रकी

आता शंकासुर यांची पहिली शंका, जी इतका वेळ लटकली आहे.

ग्रॅनाइटात काळं अभ्रक अस्ताव्यस्त विखुरलेलं असतं. नाइसमध्ये गडद आणि फिकट खनिजं वेगवेगळ्या पट्ट्यांत गेलेली असतात. खनिजं तीच, ठेवण वेगळी. आणि रूपांतरित खडकाचं नाव ठेवणीवर. मात्र छोट्या तुकड्यावर निर्णय देऊ नका. पट्टे काही सेंटिमीटर रुंद असतील तर मुठीएवढा तुकडा एकाच पट्ट्यातून येतो आणि साळसूदपणे ग्रॅनाइट दिसतो. शिवाय वाहत्या शिलारसातही स्फटिक एका दिशेला लागतात. भिंगात गारगोटी बघा: नाइसमध्ये ती बऱ्याचदा चपटी, ताणल्यासारखी दिसते.

रूपांतरण म्हणजे घन अवस्थेतच खनिजं बदलणं. साधारण २०० अंशांच्या वर सुरू, वितळायला लागेपर्यंत चालू. चिखलाच्या खडकाचा प्रवास सर्वांत बोलका: शेल, स्लेट, फायलाइट, शिस्ट, नाइस. दाब एका दिशेने जास्त असेल तर अभ्रकाचे पापुद्रे त्या दिशेला काटकोनात वाढतात; म्हणून खडक पत्र्यापत्र्याने फुटतो. इथे लोक हमखास फसतात: स्लेटचे पापुद्रे म्हणजे मूळ गाळाचे थर नव्हेत. थर वेगळ्या दिशेला, रंगाच्या फिक्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि पापुद्रे त्यांना छेदून जातात. दोन्हींतला कोन मोजला तर घडी कुठल्या बाजूला वळली आहे तेही कळतं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जॉर्ज बॅरो यांनी १८९३ पासूनच्या कामात चिखलाच्या खडकांत वाढत्या तापमानाचा क्रम नकाशावर मांडला: क्लोराइट, काळं अभ्रक, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. पण हा क्रम त्याच मूळ खडकाला लागू. शुद्ध गारगोटीचा वालुकाश्म कितीही तापवा, गार्नेट येणार कुठून? त्यात ॲल्युमिनियमच नाही. म्हणून फिनलंडचे एस्कोला यांनी निकष बदलला. एकाच दाब-तापमानाला वेगवेगळ्या मूळ खडकांत जे खनिजसंच मिळतात त्यांचा मिळून एक गट, आणि नावं बेसाल्टच्या बदलांवरून: हिरवा शिस्ट, अँफिबोलाइट, ग्रॅन्युलाइट, निळा शिस्ट, एक्लोगाइट. निळा शिस्ट मिळाला की तिथे एकेकाळी भूपट्टी खाली घुसत होती असं धरतात, कारण दाब खूप आणि तापमान कमी ही जोडी दुसरीकडे सहसा जुळत नाही.

कायनाइट, अँडालुसाइट, सिलिमनाइट यांचं रासायनिक सूत्र एकच. तिघांच्या सीमा ५०० अंश आणि ४ किलोबार दाबाच्या आसपास एकत्र येतात, म्हणजे साधारण १४-१५ किलोमीटर खोली. अँडालुसाइट दिसला की दाब त्याहून कमी होता हे नक्की.

---

शंकासुर

पण मग वर येताना खडक थंड होतो, दाब उतरतो. खनिजं परत चिखलाची का होत नाहीत?

---

अभ्रकी

तापताना खडकातून पाणी बाहेर पडतं आणि निघून जातं. उलट्या प्रक्रियेला तेच पाणी लागतं, ते शिल्लक नसतं. शिवाय थंडीत अणूंची हालचाल फार मंद. भेगांतून बाहेरचं पाणी शिरलं तर मात्र उलटं रूपांतरण होतं: गार्नेटच्या कडेने हिरव्या क्लोराइटची झालर दिसते ती त्यामुळे.

---

कातळकडा

सीमारेषेवरचे खडकही नोंदवून ठेवू. ज्वालामुखीची राख आकाशातून पडते, थराथराने बसते. मग टफ (अशा राखेचा खडक) अग्निज की गाळाचा? आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हिशेब असा: उद्रेकातून थेट आलेले तुकडे ७५ टक्क्यांहून अधिक असतील तर ज्वालामुखीय, २५ ते ७५ असतील तर टफाइट, त्याखाली नेहमीचा गाळाचा खडक. तुकड्यांची मापं: २ मिलिमीटरपर्यंत राख, ६४ पर्यंत लॅपिली, पुढे बाँब किंवा ठोकळे.

दुसरं टोक मिग्मटाइट: नाइस अर्धवट वितळलेला, फिकट भाग अग्निज आणि गडद भाग रूपांतरित, एकाच दगडात. तिथे दोन नावं द्यावीत, भांडत बसू नये.

---

रसशाळा

घनतेचा मुद्दा कुणी घेतला नाही, आणि तो सोपा आहे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पाण्याचं भांडं, दोरा. आधी कोरडा दगड तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने लटकवून पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा. समजा दगड ४३५ ग्रॅम आणि काटा १५० दाखवतो: घनता २.९.

ग्रॅनाइट २.६५ च्या आसपास, बेसाल्ट-गॅब्रो २.८ ते ३.०, ताजा पेरिडोटाइट ३.३, एक्लोगाइट ३.४ च्या पुढे. चुका तीन: दगड टेकणे (आकडा अचानक वाढतो), पृष्ठभागावर चिकटलेले बुडबुडे, आणि सच्छिद्र दगड पाणी पिणे. बुडबुडे असतील तर दगड हलवून झटका. पाणी पिणाऱ्याला मेणाचा पातळ लेप द्या आणि मेणाचं आकारमान वजा करा. नमुना १०० ग्रॅमहून लहान असेल तर एका ग्रॅमच्या चुकीनेही उत्तर दोन-तीन टक्के सरकतं, म्हणजे ग्रॅनाइट आणि ग्रॅनोडायोराइट यांत फरक करता येत नाही.

---

शंकासुर

शेवटची शंका. क्वार्ट्झाइट (रूपांतरित वालुकाश्म), संगमरवर आणि पक्का वालुकाश्म. तिन्ही पांढरे, दाणेदार.

---

भिंगवाली

संगमरवर लगेच सुटतो: चाकूने ओरखडा उठतो आणि ॲसिडने फसफसतो (डोलोमाइटचा असेल तर भुकटीवर). उरले दोन. फोडल्यावर भेग कणांना वळसा घालून गेली आणि पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा खरखरीत लागला तर वालुकाश्म. भेग कणांना चिरून गेली आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत तर क्वार्ट्झाइट. पण सिलिकाचं लुकण पक्कं बसलेला वालुकाश्मही कणांना चिरूनच फुटतो, रूपांतरण काडीचं झालेलं नसताना. तिथे हातातल्या नमुन्यावर निकाल लागत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला दगडाची पातळ चकती करावी लागते.

करायची असेल तर: कापलेल्या तुकड्याची एक बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीने काचेच्या सपाट तक्त्यावर घासा, आधी २२० नंबर, मग ४००, ६००, १०००. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि तक्ता धुवा. जाड भुकटीचा एक कण पुढच्या टप्प्यात आला की ओरखडे परत. पूर्ण वाळवून इपॉक्सीने काचपट्टीला चिकटवा, बुडबुडा राहू देऊ नका, कारण बुडबुड्यावरचा भाग शेवटी निखळून जातो. मग दुसरी बाजू कापून घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणा. जाडी मोजायला गारगोटीच पुरते: एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाशाची एकच कंपनदिशा जाऊ देणारे पडदे) ती राखाडी-पांढरी दिसली पाहिजे. पिवळट दिसली तर चकती अजून ४० मायक्रॉनच्या आसपास आहे, घासत राहा. शेवटच्या टप्प्यात घाई केली तर पाच-दहा सेकंदांत कडा नाहीशा होतात.

चकतीत गोल कणांच्या भोवती धुळीची पुसट रेघ आणि तिच्या बाहेर नव्याने वाढलेली सिलिका दिसली तर तो वालुकाश्म. गोल बाह्यरेषा पुसून कण एकमेकांत दातेरी कडांनी गुंतले असतील, किंवा तीन-तीन कण १२० अंशांच्या कोनात भेटत असतील, तर क्वार्ट्झाइट. दोन्ही खुणा एकाच चकतीत दिसल्या तर रूपांतरण नुकतंच सुरू झालं होतं, तसंच लिहा.